सातमाळ्यात मुक्कामी जाताना सॅक हलकी कशी करावी

सप्तशृंग गड, मार्कंड्या, रावळ्या-जावळ्या आणि धोडप असा नाशिक जिल्ह्यातल्या सातमाळा डोंगररांगेतला दोन मुक्कामांचा रेंज ट्रेक हिवाळ्यात करायचा तर पाठीवरची सगळ्यांत जड वस्तू टेंट नसते, पाणी असतं. गडावरची टाकी सोडली तर धारेवर पाण्याचा भरवसा नाही, आणि दुपारी ऊन चांगलंच भाजतं. माणशी चार लिटर, म्हणजे चार किलो. यात कपात करायची नाही. कपात करायची ती बाकीच्या सामानात. खाणं आणि पाणी सोडून सगळं साडेपाच किलोत बसवायचं, हे गणित आधी पक्कं करा आणि मगच खरेदीला निघा.

त्यासाठी दोन काटे लागतात. बॅगा मोजायचा लोंबता काटा आणि स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. प्रत्येक वस्तू मोजून कागदावर लिहा. डब्यावर छापलेल्या वजनावर जाऊ नका. टेंटच्या वजनात कंपन्या बऱ्याचदा खुंट्या, दोऱ्या आणि पिशवी धरत नाहीत, तिथेच तीन-चारशे ग्रॅमचा फरक निघतो.

इंटरनेटवरच्या याद्या जशाच्या तशा उचलू नका. त्यांतल्या काही अमेरिकेतल्या डोंगरी शिकाऱ्यांसाठी लिहिलेल्या असतात. त्यांना परतताना मांसाचं ओझं उतरवायचं असतं, म्हणून त्यांच्या सॅकला जाड फ्रेम. रात्र शून्याखालची, म्हणून स्लीपिंग बॅग जाडजूड. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि थंडीही तितकी नाही. नाशिक जिल्ह्यात निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कधीकधी ५ अंशांखाली जातो. सामान निवडताना हाच आकडा धरा.

स्लीपिंग बॅगवर तीन तापमानं लिहिलेली असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. दुकानदार तिसरं दाखवतो. ते माणूस कसाबसा तग धरेल असं तापमान आहे, झोप लागेल असं नाही. कम्फर्ट ५ अंश असलेली सिंथेटिक बॅग घ्या. साधारण १ किलो ते १२०० ग्रॅममध्ये मिळते. पिसांची बॅग हलकी असते, पण दवानं ओली झाली की ऊब जाते आणि किंमतही बरीच जास्त. जास्त थंडी वाजलीच तर फ्लीस आणि माकडटोपी घालून झोपा. दोन्ही तशीही सोबत असतातच.

मॅटच्या बाबतीत मात्र आपला डोंगर वेगळा आहे. हवेची मॅट दिसते छान, घडी होते मुठीएवढी. पण पावसाळा संपला की पठारावरचं गवत वाळतं आणि त्याची कुसळं सगळीकडे पसरतात. कुसळाचं टोक सुईसारखं असतं आणि त्यावर उलट्या दिशेचे केस असतात, त्यामुळे ते आत शिरतं पण मागे येत नाही. मोज्यात शिरलेलं कुसळ चालता चालता कातडीपर्यंत पोचतं. मॅटच्या पातळ कापडाला तर रात्रीतून बारीक भोक पडतं. ते अंधारात सापडत नाही आणि पहाटे तुम्ही थेट कातळावर. त्यापेक्षा फोमची कॅरीमॅट घ्या, ३०० ते ४०० ग्रॅम. सॅकच्या बाहेर बांधता येते आणि बोराटीच्या काट्यानं भोक पडलं तरी काही बिघडत नाही. पाय सॅकवर ठेवून झोपायची तयारी असेल तर खांद्यापासून गुडघ्यापर्यंतचीच कापून घ्या, शंभरेक ग्रॅम आणखी वाचतात.

मॅटखाली अंथरायला शेतीसामानाच्या दुकानातलं प्लॅस्टिक चालतं. १०० मायक्रॉनचा कागद २.२ बाय १.२ मीटर कापला की अडीचशे ग्रॅमच्या आत भरतो. शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद मजबूत म्हणून कुणी सुचवील, पण तेवढाच तुकडा सव्वा किलोच्या आसपास जातो.

टेंट घेताना तो खुंट्यांशिवाय उभा राहतो का, ते पाहा. काठीच्या आधारानं उभे राहणारे टेंट सर्वांत हलके असतात, पण त्यांचा सगळा ताण खुंट्यांवर येतो आणि आपल्याकडे वीतभर मातीखाली कातळ लागतो. खुंटी वाकते, आत जात नाही. म्हणून कमानीदार दांड्यांचा, दोघांचा, दोन किलोच्या आतबाहेरचा टेंट बरा. दोघांत वाटला की माणशी एक किलो. वाऱ्यासाठी दोऱ्या दगडांना बांधाव्याच लागतात, त्यालाही रीत आहे. दोरी नारळाएवढ्या दगडाला बांधून तो टेंटपासून लांब ठेवा. मग त्याच्या आतल्या अंगाला, दोरीवरच, दोन हातांनी उचलावा लागेल असा धोंडा ठेवा. वारा ओढायला लागला की छोटा दगड मोठ्याला अडतो आणि दोरी सुटत नाही. यासाठी प्रत्येक कोपऱ्याला दोन मीटर जादा दोरी लागते. खिंडीत टेंट लावू नका, वारा तिथे कोंडून जोरात येतो. दारं-खिडक्या सगळी बंद करूनही झोपू नका. श्वासाची वाफ आतून थेंबांनी जमते आणि पहाटे बॅग ओली.

धोडपच्या गुहेतच मुक्काम असेल तर टेंट कशाला? ३ बाय ३ मीटरची हलकी ताडपत्री अर्ध्या किलोत होते. मात्र शनिवार-रविवारी गुहा आधीच भरलेली असू शकते, तेव्हा तो धोका समजून निघा.

सॅक ४५ ते ५० लिटरची, सव्वा किलोच्या आत. साठ लिटरची घेतली की साठ लिटर भरली जाते, हा अनुभव सार्वत्रिक आहे! लिटरपेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची. मान खाली घातल्यावर वर येणाऱ्या हाडापासून कमरेच्या हाडांच्या रेषेपर्यंत टेपनं मोजा आणि त्या मापाची सॅक घ्या. दुकानात दहा किलो भरून, कंबरपट्टा आवळून, खांद्याचे पट्टे सैल सोडा. वजन कमरेवर राहिलं पाहिजे. खांद्यावर आलं तर माप चुकलं.

चुलीसाठी स्क्रूच्या कॅनवर बसणारा शंभर ग्रॅमच्या आसपासचा बर्नर पुरतो. आडोशाला एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस लागतो, वाऱ्यात दुप्पटही. २३० ग्रॅम गॅसचा एक कॅन दोघांना दोन रात्री आरामात जातो. साधा ब्युटेन शून्याच्या आसपास वायूरूप घ्यायचं थांबवतो आणि जळताना कॅन स्वतःही गार होत जातो, म्हणून पहाटे ज्योत मरतुकडी होते. कॅन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी ठेवा. वारा अडवायला पत्रा चारी बाजूंनी गुंडाळू नका, कॅन तापून फुटू शकतो. घरच्या सिलिंडरमधून कॅन भरून घेणं तर अजिबात नको. घरगुती गॅसमध्ये प्रोपेन असतो, त्याचा दाब हा पातळ डबा झेलण्यासाठी बनवलेला नसतो. टेंटच्या आत चूल पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लाकडांची शेकोटीही नको. कड्यांवर आग्या मोहोळं असतात आणि धुरानं ती उठतात.

पातेलं नाशकातल्या भांडीबाजारातून घ्या. भांडी वजनावर विकतात, त्यामुळे तराजू समोरच असतो. सव्वा लिटरचं, पातळ अॅल्युमिनियमचं, झाकणासकट २०० ग्रॅमच्या आत. कडा वळवलेली हवी, म्हणजे सांडशी घसरत नाही.

खाणं माणशी दिवसाला ६५० ग्रॅम कोरडं. तांदूळ शिजायला वीस मिनिटं गॅस खातो, तेव्हा पातळ पोहे, मेतकूट, भाजलेल्या बेसनाचं झटपट पिठलं, घरून आणलेल्या भाकरी असं ठेवा. वाटेत शेंगदाणे आणि गूळ. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून जास्त उष्मांक असतात, इतक्या कमी वजनात एवढी ताकद दुसरं काही क्वचितच देतं.

पाण्याला स्टीलची बाटली नको. एक लिटरच्या साध्या प्लॅस्टिकच्या चार बाटल्या मिळून दीडशे ग्रॅमच्या आत होतात. टाक्यातलं पाणी आधी पंचातून गाळा, मग एक मिनिट खळखळून उकळा किंवा क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास थांबा. शेवाळ असलेलं पाणी थेट फिल्टरमध्ये घातलं तर तो तुंबतो. फेब्रुवारीपासून बरीच टाकी तळाला जातात. तेव्हा पायथ्याच्या गावात विचारल्याशिवाय वर चढू नका.

कपड्यांत एक जोड अंगावर, एक झोपायला. सुती बनियन घामानं भिजलं की संध्याकाळच्या वाऱ्यात हुडहुडी भरते. चालताना सिंथेटिक घाला. जीन्स घरीच.

भरताना स्लीपिंग बॅग तळाला, पाणी आणि खाणं पाठीला चिकटून मधोमध, टेंट त्याच्या बाहेर, हेडटॉर्च आणि औषधं वरच्या कप्प्यात. सगळं जाड प्लॅस्टिक पिशवीत घालून मग सॅकमध्ये. पाण्यासकट काटा साडेअकरा किलोच्या वर गेला तर यादी काढा आणि ‘लागलं तर असावं’ म्हणून घेतलेल्या वस्तूंपासून सुरुवात करा. प्रथमोपचार, हेडटॉर्चचे जादा सेल आणि शिट्टी यांना हात लावू नका.