रानाचा फोटो: निवांत पाहावा कसा, गावात मांडावा कसा

रानाचा फोटो वाचायला जे ज्ञान लागतं, त्यातलं निम्मं जंगलकाठच्या गावात आधीच असतं. साग कधी झडतो, मोह कधी गळतो, माकडं ज्या झाडावर बसलीत त्याच झाडाखाली चितळं का घुटमळतात, हे तेंदूपत्ता तोडायला जाणाऱ्या बाईला कुणी सांगावं लागत नाही. चंद्रपूर, गोंदिया, गडचिरोली किंवा मेळघाटातल्या माणसाला कमी पडतो तो फोटोचा आकार, नीट उजेड आणि एका फोटोपुढे उभं राहायला लागणारा वेळ. या तिन्हींची सोय गावात करता येते.

मोबाइलवर पाहायचा असेल तर

रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून स्क्रीन पिवळसर करणारी सोय बऱ्याच जणांनी चालू ठेवलेली असते. ती आधी बंद करा, नाहीतर धुक्यातली पहाटसुद्धा सायंकाळ वाटते. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये 'व्हिव्हिड' असेल तर 'नॅचरल' करा. व्हिव्हिडमध्ये पळसाची फुलं नुसता लाल गोळा दिसतात, पाकळीवरची शीर हरवते. उन्हात धुऱ्यावर उभं राहून फोटो पाहू नका, सावलीत या. फोन आडवा धरा आणि पहिला मिनिटभर बोटांनी मोठं करू नका. मोठं केलं की वाघाचं तोंड दिसतं आणि वाघ कुठे उभा आहे ते निसटतं.

फोटो कुणाकडून मागवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो आपोआप लहान होतो, आणि पिसांची, केसांची बारीक नक्षी सगळ्यात आधी जाते. चांगल्या फोटोचा अर्धा आनंद त्या नक्षीत असतो.

एका फोटोपुढे पाच मिनिटं

पहिला मिनिट गप्प राहायचं. खाली लिहिलेली ओळ वाचायची नाही, फोटोग्राफरचं नाव विचारायचं नाही. मनात पहिलं जे आलं ते एका शब्दात वहीत लिहा: भीती, माया, हुरहूर, अचंबा, दरारा. काहीच वाटलं नाही तर तसंच लिहा, तेही खरं उत्तर आहे. हा शब्द आधी लिहिणं महत्त्वाचं, कारण माहिती कळल्यावर माणूस इतरांचं ऐकून आपली भावना बदलून टाकतो.

मग उजेड शोधा. प्राण्याच्या डोळ्यात पांढरा ठिपका असेल तर समोरच्या आभाळाचा किंवा सूर्याचा उजेड त्याच्या डोळ्यात पडलाय. तो ठिपका नसला की डोळा विझल्यासारखा वाटतो, म्हणून फोटोग्राफर त्याची वाट पाहत बसतात. केसांच्या कडेला सोनेरी रेघ असेल तर सूर्य प्राण्याच्या मागे आहे. सावली उंचीएवढी असेल तर सूर्य आभाळात अर्ध्यावर आलाय. ती लांबच लांब गेली असेल तर उगवतीची किंवा मावळतीची वेळ.

त्यानंतर कॅमेरा किती उंचीवर होता ते पाहा. समोरचं गवत धूसर होऊन फोटोच्या खालच्या कडेला पसरलं असेल तर फोटो काढणारा जमिनीला टेकला होता. टिटवीच्या पिलाच्या डोळ्याच्या पातळीवरून काढलेला फोटो आपल्याला त्या पिलाच्या जगात नेतो. तेच पिलू उभ्या माणसाच्या उंचीवरून काढलं तर मातीतला एक ठिपका होतं.

लांब पल्ल्याच्या लेन्सचं एक कसब इथेच समजून घ्या. 500 किंवा 600 मिलिमीटरच्या लेन्समधून लांबून काढलं की मागचा डोंगर, मागची जीप, मागचा दुसरा प्राणी हे सगळं पुढच्याला येऊन चिकटल्यासारखं दिसतं. वाघ जीपच्या अगदी बंपरला लागून चाललाय असं दाखवणाऱ्या कितीतरी फोटोंत प्रत्यक्ष अंतर बरंच जास्त असतं. फोटो खोटा नसतो, पण त्यावरून अंतराचा अंदाज बांधू नये.

उडत्या नीलपंखाचं पीस न् पीस स्पष्ट असेल तर कॅमेऱ्याचं शटर (उजेड आत सोडणारा पडदा) सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपासच उघडं होतं. पंख धूसर आणि डोळा मात्र स्पष्ट असेल तर शटरचा वेग मुद्दाम कमी ठेवलाय. त्या धूसरपणाला चूक समजू नका, उडण्याची धडपड त्यातच दिसते.

शेवटी चारही कोपरे आणि मागची बाजू. गावचा माणूस इथे सगळ्यात पुढे असतो. समजा, मोहाच्या झाडाखाली चितळ उभं आहे आणि जमीन काळी आहे. शहरातला पाहणारा त्या काळ्या रंगाला गूढ पार्श्वभूमी म्हणेल. आपल्याला कळतं की मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळलाय, म्हणजे मार्च-एप्रिल आहे, फुलं गळताहेत आणि चितळ फुलं खायला आलंय. फोटोत माणूस कुठेच नाही, तरी माणसाचा हात आहे. हे उमगल्यावर पहिल्या मिनिटात लिहिलेला शब्द पुन्हा वाचा. पुष्कळदा तो बदललेला असतो.

एक फोटो जवळून

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या स्पर्धेत 2020 साली रशियाच्या सर्गेई गोर्शकोव्ह यांच्या फोटोला सर्वोच्च मान मिळाला. रशियाच्या अतिपूर्वेकडच्या जंगलात एक वाघीण जुन्या झाडाच्या बुंध्याला पुढच्या दोन्ही पायांनी मिठी मारून उभी आहे, गाल सालीला लावलेला. उजेड तिरपा, जंगलाच्या आतून आलेला. हालचाल टिपणारे कॅमेरे जंगलात लपवून ठेवले होते आणि हा क्षण मिळायला अकरा महिन्यांहून जास्त काळ गेला.

पहिल्या नजरेला वाटते ती माया. वाघीण झाडावर प्रेम करतेय असंच दिसतं. आता गुराख्याच्या नजरेने पाहा. झाडाच्या सालीवर वाघाने मारलेल्या नखांच्या खुणा आणि बुंध्यावर उडवलेल्या फवाऱ्याचा उग्र वास त्याला माहीत असतो. ही वाघीणही गालाचा वास सालीवर घासून 'हा इलाका माझा' एवढंच सांगतेय. ताडोबातला वाघ आणि तो रशियातला वाघ एकाच जातीचे, रीतही एकच. हे कळल्यावर माया कमी होते का? आमच्या मते वाढते. आपण आपली भावना तिच्यावर लादली होती ती बाजूला होते, आणि माणूस जवळ नसताना ती कशी वागते हे पाहायला मिळाल्याचा अचंबा उरतो.

मुलांना दाखवायला याच स्पर्धेतला 2021 चा एक फोटो उत्तम. बंगळुरूच्या एका दहा वर्षांच्या मुलाने भिंतीच्या खाचेतल्या कोळ्याचं घुमटासारखं जाळं टिपलं आणि मागून ऑटोरिक्षा गेली तेव्हा तिचे रंग जाळ्यामागे पसरले. त्या वर्षीचा लहान गटातला सर्वोच्च मान त्याला मिळाला. वाघ पाहायला जिप्सी लागते, पण असा कोळी शाळेच्या संडासाच्या भिंतीवरही असतो, हे मुलांना सांगायला दुसरा पुरावा लागत नाही.

भावना कुठून आली ते शोधा

वहीतला शब्द आणि फोटोतली वस्तू यांची गाठ घालायची. दरारा वाटला तर बहुतेक वेळा कॅमेरा खाली आहे आणि प्राणी आभाळावर चढलाय. एकटेपणा वाटला तर प्राणी लहान आणि मोकळी जागा खूप आहे, आणि तो बहुधा फोटोच्या बाहेर पाहतोय. हुरहूर लागली तर धुकं, पाणी, फिके रंग शोधा. गोंदियाच्या धानाच्या बांधीतली सारसाची जोडी घ्या. दोन्ही माना एका बाजूला वळल्या की सोबत जाणवते, विरुद्ध बाजूंना वळल्या की राखण जाणवते. पक्षी तेच, बांधी तीच, फरक अर्ध्या सेकंदाचा.

फोटोतल्या जागी कधीकाळी वावरलेल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या. मामा (माजी मालगुजारी) तलावावरच्या बदकांचा फोटो पाहून त्यांना पाण्याची जुनी पातळी, बुडालेली वाट, गेलेली झाडं आठवतात. ते बोलत असताना मधे बोलू नका, लिहून घ्या.

वाघाचा फोटो आणि वाघाची भीती

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, सावली या तालुक्यांच्या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यात माणसं गेलेली घरं आहेत. त्या घरातल्या बाईला वाघाचा फोटो 'देखणा' वाटावा अशी अपेक्षा करणं क्रूर आहे. गावात फोटो मांडताना आधी अशा घरी जाऊन बसा, काय लावणार आहोत ते सांगा, नको म्हणाले तर तो फोटो लावू नका. वाघ-बिबट्याचे फोटो दारासमोर कधीच नकोत. ते आतल्या भिंतीवर, वेगळे ठेवा आणि बाहेर तशी सूचना लिहा. 'जंगलचा राजा' असल्या ओळी खाली टाकू नका. ठिकाण, महिना, प्राणी काय करतोय, एवढं पुरे. भीती हीसुद्धा फोटोने जागवलेली भावनाच आहे आणि तिला इथे पहिली जागा मिळायला हवी.

खोटा फोटो, दुखावून काढलेला फोटो

संगणकाने बनवलेली चित्रं आता रोज येतात. ओळखायला रानाची माहिती कामी येते. पळसाला पानं तीनच, चित्रात पाच दिसली तर सोडून द्या. वाघाच्या कानामागे पांढरा ठिपका असतो. त्याच्या पंजाच्या ठशात चार बोटं उमटतात. दोन्ही कुशींवरचे पट्टे कधीच हुबेहूब सारखे नसतात. आरशातल्यासारखे जुळले तर संशय घ्या. सारस झाडाच्या फांदीवर बसत नाही, त्याच्या पायाला फांदी धरताच येत नाही.

कॅमेऱ्यानेच काढलेल्या फोटोतही फसगत होते. वर सांगितलेल्या स्पर्धेत 2009 साली फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो पहिला आला. लांडगा बहुधा माणसाळलेला होता असं परीक्षकांचं मत झालं आणि जानेवारी 2010 मध्ये त्याचा मान काढून घेण्यात आला.

घरट्याचे फोटो फार बारकाईने पाहा. घरट्याभोवतीची पानं छाटलेली, टोकं ताजी कापलेली किंवा डहाळी बाजूला बांधलेली दिसली, तर फोटोसाठी आडोसा काढलाय. उघड्या पडलेल्या पिलांना ऊन लागतं, कावळ्यांना घरटं सापडतं. असा फोटो कितीही सुंदर असला तरी लावू नका आणि का लावला नाही ते देणाऱ्याला सांगा.

गावात मांडताना

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात कागद ओल धरून वळतो, आणि उन्हाळ्यात पारा 45 च्या वर गेला की टिनाच्या छताखाली चिकटपट्टी सुटते. चुन्याच्या भिंतीला टेप लावूच नका, ती पापुद्रा घेऊन खाली येते. 12 बाय 18 इंचाचे प्रिंट 5 मिलिमीटरच्या सनबोर्डवर (हलक्या फोमच्या पाटीवर) चिकटवून घ्या (3 मिलिमीटरचा उन्हाने वाकतो) आणि दोन खिळ्यांत ताणलेल्या नायलॉनच्या दोरीला क्लिपने अडकवा. भिंत नसेल तर बांबूचे तट्टे उभे करा, बुरडाकडे मिळतात.

या आकाराला फाइल किमान 2400 बाय 3600 पिक्सेलची हवी. कागद मॅट (बिनचमकीचा) किंवा लस्टर (कमी चमकीचा) घ्या. चकचकीत कागदावर आणि काचेवर पाहणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं. फ्लेक्सवर छापू नका. तो लांबून वाचायच्या फलकासाठी असतो, जवळ गेलं की पिसाऐवजी शाईचे ठिपके दिसतात.

मोठ्यांसाठी फोटोचा मध्य जमिनीपासून 4 फूट 9 इंच, पहिली ते चौथीच्या मुलांसाठी साडेतीन फूट. समोर 3 फूट मोकळी जागा सोडा आणि तिथे जमिनीवर खडूने रेघ ओढा. 20 बाय 30 फुटांच्या समाजमंदिरात वीसपेक्षा जास्त फोटो नकोत. जास्त झाले की लोक रांगेत चालायला लागतात आणि कुणीच थांबत नाही. एक बाक ठेवाच, म्हाताऱ्यांना उभ्याने पाच मिनिटं जमत नाहीत.

छत 10 फुटांवर असेल तर ट्यूब भिंतीपासून 3 फूट अंतरावर टांगा, उजेड तिरपा पडतो आणि चमक डोळ्यात येत नाही. पिवळा बल्ब टाळा, त्यात हिरवं रान वाळलेलं दिसतं. लोडशेडिंगच्या गावात दिवसाच मांडा, उत्तरेच्या खिडक्या उघडा, आणि पश्चिमेच्या खिडकीला चादर लावा, कारण हिवाळ्यात चारनंतरचं ऊन थेट समोरच्या भिंतीवर येतं आणि रोज ऊन खाल्लेला प्रिंट फिका पडतो.

फोटोग्राफरची परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोपही चालतो. नाव फोटोखाली स्पष्ट लिहा. घरट्याची, गुहेची, दुर्मीळ घुबडाच्या झाडाची नेमकी जागा मात्र लिहू नका, तालुका पुरे. काढून ठेवताना प्रिंट आडवे, एकावर एक, मधे साधा पांढरा कागद घालून ठेवा. वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई उतरते. पेटी जमिनीला टेकू देऊ नका, खाली दोन विटा द्या, नाहीतर पावसाळ्यात वाळवी आधी तळातला प्रिंट खाते.