उसात बिबट्याची पिल्लं दिसली तर

निलगिरीत १९८६ पासून जीवावरण राखीव क्षेत्र आहे. गाभ्यात जंगल, भोवती बफर म्हणजे मधला पट्टा, त्यापुढे माणसांची वस्ती अशी आखणी. आमच्या जुन्नरला कसली रेघ? बिबटीण उसातच विते.

तोडणीत पिल्लं दिसली की कोयता थांबवा. हात लावू नका, फोटोसाठी तर मुळीच नाही (आमचा पुतण्या ऐकतो थोडाच!). टोळीला बांधावर आणा, १९२६ वर वनखात्याला कळवा. पिल्लं शक्यतो तिथंच ठेवतात. अंधार पडला की आई येते, मानेला अलगद धरून एकेक उचलून नेते. तोवर त्या फडाकडं फिरकू नका.

शेळ्या मात्र बंद गोठ्यात, वरूनही जाळी मारून. मी वरची बाजू उघडी ठेवली होती, दोन शेळ्या गेल्या.