'खूप'चे इंग्रजी करताना: तीव्रतादर्शक क्रियाविशेषणे कशी वापरावीत

'पेटी खूप जड आहे', 'मला हे पुस्तक खूप आवडते' आणि 'हे उत्तर त्यापेक्षा खूप बरे आहे' या तीन वाक्यांत मराठी माणूस एकच शब्द वापरतो आणि तो ज्या शब्दाचा जोर वाढवायचा त्याच्या अलीकडे ठेवून मोकळा होतो. इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्याला 'व्हेरी', दुसऱ्याला 'व्हेरी मच' आणि तिसऱ्याला 'मच' लागते, शिवाय दुसऱ्या वाक्यात शब्दाची जागाही बदलते. म्हणून 'खूप'साठी इंग्रजी शब्द शोधण्याआधी तो वाक्यात कशाचा जोर वाढवतो आहे, विशेषणाचा, क्रियापदाचा की तुलनेचा, हे पाहून घ्यावे. बहुतेक चुका हे न पाहिल्यामुळेच होतात.

'व्हेरी' हा शब्द विशेषणापूर्वी किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणापूर्वी येतो, जसे 'व्हेरी हेवी' किंवा 'व्हेरी स्लोली'. क्रियापदाला तो एकट्याने चिकटत नाही. त्यामुळे 'आय व्हेरी लाइक धिस बुक' हे वाक्य मराठीच्या क्रमाने बरोबर वाटले तरी इंग्रजीत चूक ठरते. तेथे 'आय लाइक धिस बुक व्हेरी मच' असे म्हणावे लागते. यातही एक बारकावा आहे: इंग्रजीत क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये सहसा काही घुसवत नाहीत, त्यामुळे 'आय लाइक व्हेरी मच धिस बुक' हेही टाळावे. बोलण्यात 'आय रिअली लाइक धिस बुक' अधिक सहज वाटते, कारण 'रिअली' क्रियापदाच्या आधी बसू शकतो.

तुलना आली की 'व्हेरी' बाजूला ठेवावा. 'व्हेरी बेटर' असे कोणी म्हणत नाही. 'मच बेटर', 'अ लॉट बेटर' किंवा 'फार बेटर' असे म्हणतात. हा शेवटचा 'फार' देवनागरीत आपल्याच 'फार'सारखा दिसतो आणि येथे अर्थही जवळपास तोच निघतो, पण हा निव्वळ योगायोग आहे. त्याला भुलून 'फार गुड' म्हणू नये, कारण 'गुड' या साध्या रूपापुढे इंग्रजीतला 'फार' चालत नाही.

सर्वांत जास्त घोटाळा 'टू' या शब्दाने होतो. 'टू' म्हणजे नुसते 'खूप' नव्हे, तर हवे त्यापेक्षा जास्त, प्रमाणाबाहेर, अडचण होईल इतके. 'द बॉक्स इज व्हेरी हेवी' म्हटल्यावर पेटी जड आहे एवढेच कळते, ती उचलणे कदाचित शक्यही असेल. 'द बॉक्स इज टू हेवी' म्हटले की ती उचलणे जमणार नाही असे ध्वनित होते, आणि पुढचे 'टु लिफ्ट' हे दोन शब्द न उच्चारताही ऐकणाऱ्याला ऐकू येतात. मराठीत हा फरक संदर्भाने किंवा आवाजाच्या हेलाने दाखवता येतो, त्यामुळे आपल्याला तो शब्दांत दाखवण्याची सवय नसते. मग आनंदाची बातमी कळवताना 'आय अ‍ॅम टू हॅपी' असे लिहिले जाते आणि वाचणाऱ्याला या आनंदाने नेमके काय बिघडले असा प्रश्न पडतो. तेथे 'व्हेरी हॅपी' किंवा 'सो हॅपी' लिहावे.

'सो' आणि 'सच' यांतला फरक नामावरून ठरतो. केवळ विशेषण असेल तर 'सो', विशेषणासह नाम असेल तर 'सच': 'द प्रॉब्लेम वॉज सो डिफिकल्ट', पण 'इट वॉज सच अ डिफिकल्ट प्रॉब्लेम'. येथे 'अ' हा 'सच'नंतर येतो, आधी नव्हे. 'एनफ'ची जागा उलटी आहे. तो विशेषणानंतर येतो, म्हणजे 'स्ट्राँग एनफ', मात्र नामाच्या आधी, म्हणजे 'एनफ टाइम'.

काही विशेषणांत तीव्रता मुळातच भरलेली असते. 'एक्सलंट', 'फ्रीझिंग', 'एनॉर्मस', 'इम्पॉसिबल' हे शब्द आधीच टोकाला पोहोचलेले असल्याने त्यांच्यापुढे 'व्हेरी' खटकतो. जोर द्यायचाच असेल तर 'अ‍ॅब्सोल्यूटली' चालतो. 'व्हेरी अ‍ॅब्सोल्यूटली' असे दुहेरी ओझे मात्र लादू नये. 'क्वाइट' हा यांतला सर्वांत फसवा शब्द आहे. ब्रिटिश इंग्रजीत 'क्वाइट गुड' म्हणजे बऱ्यापैकी चांगले, कधीकधी तर थोडीशी नाराजीच, पण 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे पूर्णपणे अशक्य. अमेरिकी वापरात 'क्वाइट गुड' बहुधा 'व्हेरी गुड'कडे झुकते. औपचारिक पत्रात एखाद्याच्या कामाची स्तुती करायची असेल, तर हा शब्द न वापरलेलाच बरा.

पत्रलेखनात ठरलेल्या जोड्याही लक्षात ठेवाव्यात. 'डीपली ग्रेटफुल', 'हायली क्वालिफाइड', 'बिटरली डिसअपॉइंटेड' आणि 'स्ट्राँगली रेकमेंड' या जोड्या नियमाने नव्हे, वापराने घडल्या आहेत, म्हणून त्या जशाच्या तशा उचलाव्या लागतात. 'टेरिबली सॉरी' आणि 'ऑफुली नाइस' यांचे नवल वाटायला नको, कारण आपणही एखादी गोष्ट 'भयंकर आवडली' असे म्हणतोच. मात्र हे दोन्ही प्रयोग बोलण्यापुरते ठेवावेत.

शेवटची एक खबरदारी 'हार्ड' आणि 'हार्डली' यांच्याबाबत घ्यावी. 'ली' लागला की क्रियाविशेषण होते या समजुतीने पुष्कळ जण 'ही वर्क्स हार्डली' असे लिहितात. 'हार्डली'चा अर्थ 'जेमतेम' किंवा 'जवळजवळ नाहीच' असा आहे. मेहनती माणसाची शिफारस करायची असेल तर 'ही वर्क्स व्हेरी हार्ड' असे लिहावे. 'ही हार्डली वर्क्स' लिहिले तर तो काम टाळतो असा अर्थ होईल.