ब्लड कल्चरमधले दुर्मिळ अ‍ॅनेरोब: नवीन रेसिडेंटसाठी

मायक्रोबायोलॉजी एमडीला नुकतेच लागलात आणि ब्लड कल्चरच्या बेंचवर पोस्टिंग आलीय, अशांसाठी हे लिहितेय. बाटलीत रक्त किती हवं, मशीन फ्लॅग कधी करतं (वाढ झाल्याचा इशारा कधी देतं), हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मला बोलायचंय ते क्वचित येणाऱ्या आणि आले की सगळ्या बेंचला चकवणाऱ्या अ‍ॅनेरोबबद्दल, म्हणजे ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जंतूंबद्दल.

आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी खर्चामुळे एरोबिक बाटलीच येते, अ‍ॅनेरोबिक फार कमी. मग बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस सोडला तर बाकीचे नजरेखालून जातच नाहीत, नजर तयार होणार कुठून? त्यामुळे सुरुवातीला काही ओळखू आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका.

आता मुख्य मुद्दा, कारण मला सगळ्यात जास्त यानेच छळलंय. क्लॉस्ट्रिडियम म्हणजे ग्रॅम पॉझिटिव्ह बॅसिलाय (ग्रॅम स्टेनमध्ये जांभळ्या दिसणाऱ्या दांड्या) हे आपण एमबीबीएसपासून घोकलंय, पण फ्लॅग झालेल्या बाटलीच्या स्मिअरमध्ये तो सर्रास गुलाबी, म्हणजे ग्रॅम निगेटिव्हसारखा दिसतो. क्लॉस्ट्रिडियम टर्शियम घ्या. न्यूट्रोपेनियाच्या (न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घटलेल्या) पेशंटमध्ये, केमो चालू असताना, आतड्यातून रक्तात येतो. स्मिअरमध्ये सगळीकडे गुलाबी दांड्या, मध्येच एखादी अर्धवट जांभळी. आपण वॉर्डला फोन करतो "ग्रॅम निगेटिव्ह बॅसिलाय", तिकडचा रेसिडेंट विचारतो, "मॅडम, सेफ्टाझिडिम चालू आहे, तेच ठेवू ना?" आणि तिथेच घात होतो, कारण टर्शियमवर सेफ्टाझिडिमसारखी तिसऱ्या पिढीची सेफालोस्पोरिन्स बऱ्याचदा चालत नाहीत.

पुढे आणखी गोची. हा एअरोटॉलरंट आहे, म्हणजे साध्या ब्लड अगारवर हवेतही बारीक कॉलनी देतो. म्हणून लोक म्हणतात अ‍ॅनेरोब नाहीच हा, आणि पुन्हा केलेल्या ग्रॅममध्ये जांभळा दिसला तर बॅसिलस म्हणून कंटॅमिनंटच्या (बाहेरून शिरलेल्या जंतूच्या) रकान्यात टाकून मोकळे होतात. असं करू नका. कॅटलेज करा, म्हणजे कॉलनीवर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकून बुडबुडे येतात का बघा: बॅसिलस पॉझिटिव्ह, टर्शियम निगेटिव्ह. मात्र ब्लड अगारवरून कॉलनी उचलताना लूपला रक्त लागू देऊ नका, तांबड्या पेशींचं कॅटलेज बुडबुडे देतं आणि सगळं उलटं वाचलं जातं. प्लेट जारमधून (ऑक्सिजन काढलेल्या बंद डब्यातून) काढली असेल तर आधी अर्धा तास हवेत ठेवा, मग टेस्ट करा. स्पोरही बघा. बॅसिलस हवेत स्पोर करतो, टर्शियम फक्त अ‍ॅनेरोबिक प्लेटवर, दांडीच्या टोकाला, रंग न घेतलेला फुगीर भाग दिसतो तो. हवेतल्या कॉलनीत स्पोर शोधत बसलात तर सापडणारच नाही, आणि "स्पोर नाहीत" म्हणून क्लॉस्ट्रिडियम वगळाल.

ग्रॅमवर शंका आली की अ‍ॅनेरोबिक प्लेटवर 5 मायक्रोग्रॅमची व्हॅन्कोमायसिन डिस्क लावा. गुलाबी दिसणारा जंतू तिला सेन्सिटिव्ह निघाला तर तो बहुतेक वेळा मुळात ग्रॅम पॉझिटिव्हच असतो. पॉर्फायरोमोनास हा अपवाद, तो खरा ग्रॅम निगेटिव्ह असूनही सेन्सिटिव्ह येतो. 3 टक्के केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये) कॉलनी घोटून तार येते का ते बघणं तर मिनिटभराचं काम: तार आली तर ग्रॅम निगेटिव्ह, नाही आली तर पॉझिटिव्ह. आणि हे निकाल हातात येईपर्यंत फोनवर "ग्रॅम व्हेरिएबल बॅसिलाय, क्लॉस्ट्रिडियम असू शकतो" एवढं सांगायला लाजू नका.

अ‍ॅनेरोबिक बाटली वाजली, स्मिअरमध्ये जंतू दिसतोय, पण साध्या प्लेटवर काहीच नाही, तर ते मशीनचं चुकलं असं समजायचं नाही. जार 48 तास लावा आणि मधेच उघडू नका. एग्गर्थेला लेंटासारखे सावकाश वाढणारे जंतू उतावीळपणे जार उघडणाऱ्याच्या हाती लागत नाहीत. वाढ दिसल्यावर तीच कॉलनी हवेत, सीओटूमध्ये आणि जारमध्ये अशी तीन ठिकाणी लावा. जारमध्ये वाढला म्हणून अ‍ॅनेरोब ठरत नाही, ई. कोलायही तिथे मजेत वाढतो.

माल्डीबद्दल, म्हणजे जंतूच्या प्रथिनांवरून त्याचं नाव सांगणाऱ्या मशीनबद्दल, माझं मत थोडं कडक आहे. मशीन उत्तम आहे, पण ज्याने प्लेट नीट बघितली त्याच्यासाठी. ताजी कॉलनी, वरून फॉर्मिक अ‍ॅसिड, तरीही स्कोअर 2 च्या खाली राहिला तर स्पीशीजचं नाव छापायचं नाही, 16एस सिक्वेन्सिंगला (जंतूच्या जीनवरून ओळख पटवायला) पाठवायचं. आधी माल्डी आणि मग ग्रॅम हा शॉर्टकट पहिल्या वर्षात तरी नको. आणि गाईड निवडताना पेपर मोजू नका, मायक्रोस्कोपवर शेजारी बसून फील्ड दाखवणारा माणूस शोधा. तो प्राध्यापक असेल किंवा बेंचवरचे जुने टेक्निशियन काका, मला बरंचसं काकांनी शिकवलं.

टर्शियम हाताळायला भ्यायचं कारण नाही, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्ससारखी विषं तो बनवत नाही. पण नाव रिपोर्टमध्ये टाकून गप्प बसू नका. क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम आला तर वॉर्डला फोन करून मोठ्या आतड्याचा कॅन्सर शोधायला सांगा, ती जोडी जुनी आणि पक्की आहे. तरुण पेशंटमध्ये फ्युसोबॅक्टेरियम नेक्रोफोरम निघाला तर आधी घसा दुखत होता का, मानेच्या एका बाजूला सूज आहे का हे विचारा. लेमिएर यांनी 1936 मध्ये वर्णन केलेला आजार तो, आणि मानेच्या शिरेची सोनोग्राफी किंवा सीटी त्याच दिवशी करायला सांगा.