जीपीएस ट्रॅकर उघडताय? या चुका टाळा

गाडीचं लोकेशन दिसेनासं झालं की अनेक जण ट्रॅकर काढतात आणि थेट स्क्रू खोलायला बसतात. आधी ॲपवरची शेवटच्या संपर्काची वेळ बघा. वेळ पुढे सरकतेय पण नकाशावरचा ठिपका हलत नाही, तर मोडेम (मोबाइल नेटवर्कवरून माहिती पाठवणारा भाग) चालू आहे आणि जीपीएसला उपग्रह मिळत नाहीत. दोन्ही थांबलेत, तर वीज किंवा मोबाइल नेटवर्क तपासा. आत या दोन कामांचे भाग वेगळे असतात. जीपीएसचा भाग फक्त ऐकतो, माहिती पाठवतो तो मोडेम. हे न समजल्यामुळे चांगले बोर्ड विनाकारण बदलले जातात.

सिमचीही खात्री करा. जुन्या टूजी ट्रॅकरमध्ये जिओचं सिम चालणार नाही, कारण त्यांचं टूजी नेटवर्कच नाही.

सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे वीज. मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो म्हणून वायरिंग ठीक आहे असं समजू नका. टूजी मोडेम माहिती पाठवताना अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ, पण २ अँपिअरपर्यंत करंट ओढतो. इतका छोटा झटका साध्या मीटरला दिसत नाही. पिळून टेप मारलेला जोड, गंजलेली अर्थिंगची वायर किंवा बोर्डावरचा सुकलेला कपॅसिटर (थोडी वीज साठवून असा झटका सांभाळणारा भाग) असेल, तर त्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि मोडेम रीसेट होतो. घाटात रेंज कमी असते, मोडेम पूर्ण ताकदीनं सिग्नल पाठवतो, म्हणून शहरात नीट चालणारा ट्रॅकर नेमका घाटात गप्प होतो. तेव्हा आधी जोड सोल्डर करा, अर्थिंगची वायर गाडीची बॉडी खरवडून तिथे घट्ट बसवा. मग कपॅसिटरकडे वळा.

डबा उघडलाच, तर मेन वायर काढली म्हणजे बोर्ड बंद झाला असं धरू नका. आत बॅकअपची लिथियम बॅटरी असते. तिचा कनेक्टर आधी काढा, मगच सोल्डरिंग आयर्न लावा. डॅशबोर्डच्या उन्हात ती फुगलेली असली तर दाबू नका, टोचू नका. बदलताना संरक्षण सर्किट असलेलीच घ्या.

बोर्डावरची चौकोनी, चंदेरी वरची बाजू असलेली सिरॅमिकची वडी म्हणजे जीपीएसचा अँटेना. ती १५७५.४२ मेगाहर्ट्झला जुळवलेली असते. तिच्यावर गोंद ओतू नका, कडा घासू नका, चिकटपट्टीसुद्धा लावू नका. चंदेरी बाजू आकाशाकडे हवी. उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत, त्यांचा सिग्नल पत्र्यातून येत नाही. कितीतरी ट्रॅकर मला डॅशबोर्डखाली उलटे चिकटवलेले दिसलेत. त्यांच्यात बिघाड काहीच नव्हता. बाहेरचा अँटेना असेल, तर त्याचा बारीक कनेक्टर तिरका ओढू नका. तो साधारण ३० वेळाच काढघाल सहन करतो.

टॅक्सी, बस अशा प्रवासी वाहनांतला एआयएस-१४० (अशा वाहनांतल्या ट्रॅकरसाठीचं सरकारी मानक) मंजुरीचा ट्रॅकर मात्र स्वतः उघडू नका. तो बसवणाऱ्याकडेच न्या.

जोडणी झाल्यावर गाडी झाडाखाली किंवा शेडमध्ये नको, उघड्यावर उभी करा. बराच वेळ बंद असलेला ट्रॅकर नव्यानं सुरू होताना नकाशावर पहिला ठिपका यायला काही मिनिटं द्या. इंजिन चालू-बंद करून दोन्ही वेळा बघा.