ओपन सोर्स गेममधले पहिले योगदान: सुरुवात कुठून करावी

ओपन सोर्स, म्हणजे मूळ कोड सर्वांसाठी खुला असलेल्या, गेममध्ये काम करू इच्छिणारे बहुतेक जण सर्वांत आधी प्रोग्रामिंगच्या भाषेविषयी विचारतात: सी प्लस प्लस किती यायला हवी? माझ्या मते त्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळा आहे. हा गेम आपण पुरेसा खेळलो आहोत का, आणि खेळताना जे खटकले ते दुसऱ्याच्या संगणकावर तसेच्या तसे घडवून दाखवता येईल इतक्या नेमकेपणाने आपल्याला सांगता येते का? ज्याला हे जमते त्याच्या हाती लवकर काम लागते. ज्याला जमत नाही त्याचा चांगला कोडसुद्धा पडून राहू शकतो, कारण तो नक्की काय सुधारतो आणि ते तपासायचे कसे, हेच इतरांना उमगत नाही.

गेम निवडताना त्याची आतली रचना पाहावी. बॅटल फॉर वेस्नॉथ हा 2003 मध्ये सुरू झालेला गेम. त्याचे इंजिन, म्हणजे गेम चालवणारा मूळ कोड, सी प्लस प्लसमध्ये असले तरी मोहिमा आणि सैनिकांचे गुणधर्म डब्ल्यूएमएल या त्याच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेले असतात आणि जोडीला लुआ ही छोटी प्रोग्रामिंग भाषा वापरता येते. 2024 पर्यंत माइनटेस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या लुआंटीमध्ये इंजिन एकीकडे आणि लुआत लिहिलेले गेम व मॉड (गेममध्ये भर घालणारे तुकडे) दुसरीकडे अशी सरळ विभागणी आहे, तर कॅटॅक्लिझम: डार्क डेज अहेडमधल्या वस्तू आणि राक्षस जेसन या साध्या मजकुराच्या फायलींमध्ये सापडतात. अशा फायलीत बदल करून गेम पुन्हा सुरू केला की परिणाम लगेच दिसतो, कोड कंपाइल करत, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलत, बसावे लागत नाही. नवख्या माणसाने इथूनच आत शिरावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही मूळ कोड एकदा स्वतः बिल्ड करून, म्हणजे त्यातून चालणारा गेम तयार करून, पाहावाच. त्यात एखाददुसरी संध्याकाळ जाईल, एखादी लायब्ररी (गेमला लागणारा तयार कोड) सापडणार नाही, सूचनांमधली एखादी पायरी जुनी निघेल. ती पायरी दुरुस्त करून पाठवणे हेही योगदानच आहे, आणि जुन्या मंडळींना ती चूक सहसा दिसत नाही, कारण त्यांनी ही वाट नव्याने चाललेली नसते.

त्यानंतर इतरांनी नोंदवलेले बग, म्हणजे गेममधले दोष, वाचायला घ्यावेत. ‘कधीकधी गेम बंद पडतो’ एवढ्याच नोंदीवरून कुणालाही पुढे जाता येत नाही. त्याच नोंदीखाली आपण आवृत्ती लिहिली, सेव्ह फाइल जोडली आणि ‘ही फाइल उघडून घोडेस्वाराला पुलावर नेले आणि चाल मागे घेतली की दर वेळी बंद पडतो’ असे लिहिले, तर निम्मे काम झाले. पूर्वी हे नीट चालत होते असे आढळल्यास कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधली बायसेक्ट ही सोय वापरावी. दर टप्प्याला उरलेल्या कमिटपैकी, म्हणजे नोंदलेल्या बदलांपैकी, निम्मे बाद होत असल्यामुळे 1000 कमिटमधून दोषी कमिट साधारण 10 चाचण्यांत सापडतो, आणि त्यासाठी तो कोड समजलेला असण्याचीही गरज नसते.

माझा पहिला खराखुरा बदल याच नेमकेपणावर अडला. आमच्या गेममध्ये, म्हणजे आळीपाळीने खेळायच्या युद्धखेळात, तलवारीचा प्रत्येक वार अगदी एकसारखा दिसे. त्यात थोडे वैविध्य यावे म्हणून मी ॲनिमेशन निवडताना गेमच्याच रँडम फंक्शनकडून, म्हणजे फाशासारखा कोणताही आकडा देणाऱ्या कोडकडून, एक आकडा घेतला. चार ओळींचा बदल होता. एकट्याने खेळून पाहिला, छान दिसला, पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, पाठवली. तपासणाऱ्याने एवढेच विचारले: दुसऱ्या खेळाडूने ॲनिमेशन बंद ठेवले असेल तर?

मी एकाच संगणकावर गेमच्या दोन प्रती चालवल्या, त्यांतल्या एकीत ॲनिमेशन बंद केले आणि सामना सुरू केला. पहिल्याच चकमकीत एका खिडकीत माझा भालाईत जिवंत होता आणि दुसरीत मेलेला. कारण उघड होते. अशा गेममध्ये पटाची सगळी स्थिती नेटवर्कवरून पाठवली जात नाही. पाठवल्या जातात त्या फक्त खेळाडूंच्या आज्ञा, आणि प्रत्येक संगणक त्यांवरून तोच खेळ स्वतः घडवतो. रँडम आकड्यांची मालिकाही दोन्हीकडे एकच असावी लागते. ॲनिमेशन चालू असलेल्या संगणकाने त्या मालिकेतला एक आकडा जास्त घेतला, दुसऱ्याने घेतला नाही, आणि तिथून पुढचा प्रत्येक फासा दोघांकडे वेगळा पडत गेला.

ओपनटीटीडीमध्ये याच कारणासाठी दोन निरनिराळी फंक्शन आहेत, एक सर्वांकडे सारखे राहावे लागणाऱ्या खेळासाठी आणि दुसरे केवळ आपल्या पडद्यापुरत्या गोष्टींसाठी. झिरो ए.डी.च्या सिम्युलेशनमध्ये दशांश गणिते फिक्स्ड पॉइंट पद्धतीने, म्हणजे दशांश चिन्हाची जागा ठरलेली ठेवून, होतात, कारण फ्लोटिंग पॉइंट या नेहमीच्या पद्धतीचे उत्तर निरनिराळ्या संगणकांवर किंचित वेगळे येऊ शकते आणि तो किंचित फरकही सामना मोडायला पुरतो. म्हणून कोणत्याही ओळीला हात लावण्यापूर्वी ती खेळाच्या निकालात भाग घेते की फक्त दिसण्यात, हे ओळखायला शिकावे. गेमचा कोड इतर सॉफ्टवेअरपेक्षा वेगळा कसा, हे मला या एका प्रश्नातून जितके समजले तितके कोणत्याही माहितीपुस्तिकेतून समजले नव्हते.

चित्रे किंवा आवाज द्यायचे असतील तर परवाना आधी पाहावा. कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणि कलाकृती क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली अशी विभागणी अनेक गेममध्ये असते, त्यामुळे इंटरनेटवर सापडलेले चित्र रंग बदलून देणे चालत नाही. सैनिकांची ताकद किंवा किंमत बदलण्याचा मोह मात्र सुरुवातीला आवरावा. एका आकड्यावर कित्येक मोहिमा तोललेल्या असतात, आणि तो तोल ठरवण्यामागे झालेली चर्चा नवख्याला ठाऊक नसते.

माझ्या त्या बदलात शेवटी एकाच ओळीची दुरुस्ती लागली: आकडा केवळ पडद्यासाठीच्या वेगळ्या मालिकेतून घेतला, दोन खिडक्यांची चाचणी कशी केली ते टप्प्याटप्प्याने लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी तो बदल मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये सामील झाला. आजही कोणताही बदल पाठवण्यापूर्वी मी त्या दोन खिडक्या उघडतो, एकीत ॲनिमेशन बंद करतो आणि निदान 10 पाळ्या तरी खेळून पाहतो.