नांगर वर आला, पण घरात बसला का? या चुका टाळा

नांगर उचलून झाला, ब्रिजवर (जिथून जहाज चालवतात तिथे) ‘अँकर होम’, म्हणजे नांगर घरात बसला, असं कळवलं, ब्रेक आवळला आणि मंडळी चहाला गेली. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत मीही असाच चहाला पळायचो. एका पावसाळ्यात मुंबई सोडून पश्चिमेला निघालो आणि दुसऱ्या दिवशी बोसन स्टोअरमध्ये (जहाजाच्या पुढच्या टोकातली सामानाची कोठी) गेलो, तर दर लाटेला ‘ठक्क’. डावा नांगर. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, गुहागरकडचा. पत्र्याला हात लावून म्हणाला, “साहेब, हा बसलेला नाही. नुसता टेकलाय.”

हे ‘टेकलाय’ मोठ्या जहाजावर कुणाला ऐकूही येत नाही. केबिन सगळ्या मागे, नांगर दोनशे मीटर पुढे. कळतं ते थेट गोदीत, पत्र्याला चीर दिसते तेव्हा. नाहीतर फोरपीकमध्ये, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकातल्या कप्प्यात, पाणी सापडतं तेव्हा.

आधी रचना थोडक्यात. फोक्सलच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, डेकवरून नाळेच्या (जहाजाच्या नाकाच्या) बाजूला तिरकी उतरणारी जाड नळी म्हणजे हॉज पाइप. नांगराचा दांडा तिच्यात शिरतो आणि फाळ बाहेर पत्र्याला लागून बसतात. (शेतातल्या नांगराला फाळ असतो, तसा समुद्रातल्यालाही.) जुन्या नांगराला आडवा दांडा असायचा. तो नळीत जाईना, म्हणून नांगर बाहेर टांगून बांधावा लागे. आडव्या दांड्याशिवायचे नांगर रूढ झाले आणि नांगर जहाजाच्या अंगातच राहू लागला. साखळी विंडलासवरून (नांगर उचलणारं यंत्र) स्पर्लिंग पाइप नावाच्या नळीतून खाली चेन लॉकरमध्ये, म्हणजे साखळीच्या कोठीत, जाते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे विंडलासच्या ब्रेकवर भरवसा. ब्रेक साखळी धरतो, पण नांगराला पत्र्याशी घट्ट दाबून ठेवणं हे त्याचं काम नाही. लायनिंग झिजतं, जहाज थरथरतं, दोन दिवसांत इंचभर ढिलाई येते. आठ-दहा टनांचा नांगर इंचभर हलला की त्याचा घण होतो. म्हणून नांगर पूर्ण वर घ्या, ब्रेक आवळा, स्टॉपरचा बार (साखळी अडवणारा लोखंडी दांडा) पाडा, मग साखळीच्या कडीतून वायर घालून बॉटल स्क्रूने (फिरवून ताण देणारा स्क्रू) ताणा आणि शेवटी विंडलासचा गिअर काढा. वायर दोन असतील तर दोन्हींना सारखाच ताण हवा. बॉटल स्क्रू बांधून टाका, नाहीतर थरथरीने तो आपोआप उलटा फिरतो. आणि नांगर बसल्यावरही मोटर खेचत ठेवू नका, हायड्रॉलिक मोटर फुटून माणसं जखमी होतात.

आता बारची गंमत. स्टॉपरचा बार आडव्या कडीवर पडतो आणि तिच्या मागची उभी कडी त्याला अडकते. नांगर घट्ट बसल्यावर नेमकी उभी कडीच बारखाली आली, तर बार पडत नाही. मग काय करतात? बार पडेपर्यंत साखळी थोडी सोडतात. बार पडतो, चेकलिस्टवर टिक होते आणि नांगर नळीत लोंबकळत राहतो! आमच्या त्या ठक्कचं कारण हेच होतं. नांगर घट्टच ठेवा आणि भार वायरवर घ्या. बार कधीच नीट पडत नसेल, तर तसं लिहून कळवा. स्टॉपरची जागा बदलणं हे गोदीतलं काम आहे.

फाळ उलटे, म्हणजे टोकं पत्र्याकडे करून वर आले, तर जोर लावू नका. नांगर थोडा खाली सोडा, फिरू द्या, पुन्हा उचला. दोन-तीन वेळा करावं लागतं. साखळीला पीळ असेल तर स्विव्हल (साखळीचा फिरता सांधा) गंजला आहे का ते पाहा.

मुंबईच्या बंदरातला चिखल ज्याने धुतला, त्याला जगातला कुठलाही चिखल सोपा जातो. काळा, चिकट, कडीच्या पोटात बसलेला. घाई करून तो तसाच आत घेतला की लॉकरच्या तळाशी थापून बसतो आणि उपसा करणारी जाळी बंद पाडतो. त्यामुळे नांगर सावकाश उचला आणि पाण्याची नळी (होज) चालू ठेवा. वरून ब्रिजची बोलणी ऐकावी लागली तरी चालेल.

स्पर्लिंग पाइपची तोंडं झाकणं हाही वेळ वाचवायचा विषय नाही. लांबच्या प्रवासात झाकण लावून वर सिमेंट भरतात. अर्धवट भरलं तर डेकवर येणारी प्रत्येक लाट लॉकरमध्ये जाते आणि जहाज नाकावर झुकतं. उलटी चूकही होते: बंदर जवळ आल्यावर सिमेंट फोडायचं राहून जातं आणि ऐनवेळी नांगर पडत नाही.

साखळी लॉकरमध्ये खडखडत असेल तर तिथे उतरून ती बांधू नका. २३ सप्टेंबर २००७ रोजी उत्तर समुद्रात ‘वायकिंग आयले’ या बचाव-जहाजावर हेच घडलं. आवाज थांबवायला दोन खलाशी लॉकरकडे गेले. आत उतरलेला कोसळला, त्याच्यासाठी गेलेला दुसराही कोसळला, मदतीला उतरलेला तिसराही परतला नाही. आत विषारी वायू नव्हता, गंजणाऱ्या लोखंडाने हवेतला ऑक्सिजन खाल्ला होता. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. बंद लॉकरमध्ये किती उरला हे नाकाला कळत नाही, ते मीटर सांगतो. लॉकर हवेशीर करून, मोजून, परवाना काढूनच उतरा. खडखड थांबवायचा उपाय तर डेकवरच आहे: ताण.

साखळीचं शेवटचं टोक लॉकरमध्ये कुठे अडकवलंय हे किती जणांनी पाहिलेलं असतं? संकटात साखळी सोडून द्यावी लागते, तेव्हा ती पिन बाहेरून निघायला हवी. ८७ मिलिमीटर जाडीच्या साखळीची एक शॅकल, म्हणजे २७.५ मीटर, साधारण साडेचार टनांची असते. गंजलेली पिन त्या वेळी हातोड्याने निघेलच असं नाही. दर काही महिन्यांनी ग्रीस लावा.

छोट्या नौकेवर हेच टोक दोरीने बांधा, आणि ती दोरी डेकपर्यंत पोहोचेल एवढी लांब ठेवा, म्हणजे वेळ आली तर सुरीने कापता येईल. नांगर ठेवायच्या खणाचं पाणी जायचं भोकही बघा, तिथे नेमकी प्लॅस्टिकची पिशवी सापडते.

वादळात ठक्क ऐकू आलं तर? माणसं फोक्सलवर धाडू नका. आधी वेग कमी करा, मार्ग वळवा, जहाज शांत करा आणि उजेडाची वाट पाहा. आम्ही सकाळी दहाला गेलो, चौघंजण. सारंगाने बॉटल स्क्रूला शेवटचा अर्धा फेरा दिला आणि पत्र्यावर पुन्हा हात ठेवला.

“आता बसला.”